टिकलीपर्यंत पाणी

आमच्या बेळगावच्या घरी दिवाणखान्यात तीन फूट लांबीची एक काचेची टाकी आहे. चिरंजीव सहावीत असताना, २०११ साली, त्याच्या हट्टाखातर ती खडेबाजारातून आणली. पुढे २०१७ मध्ये तो शिकायला बंगळूरला गेला, तिथेच नोकरीला लागला, आणि जाताना जुनी पुस्तके, क्रिकेटची बॅट व मासे एवढे मागे ठेवून गेला. मुले घर सोडतात तेव्हा त्यांनी पाळलेले जीव आईच्या वाट्याला येतात, हा अनुभव वाचकांपैकी अनेकांना असेल. आमच्याकडेही तसेच झाले. सकाळी देवपूजा आटोपली की सौ. टाकीपाशी जाई, चिमूटभर दाणे पाण्यावर सोडी, आणि मासे वर येऊन खाईपर्यंत तिथेच उभी राही. दोन गोल्डफिश, तीन एंजल, काचेला चिकटून शेवाळ खाणारा एक सकर आणि सहा काळ्याभोर मॉली असा तो बारा जणांचा संसार होता. त्यातील आठ जणांना मी एका रात्रीत मारले. ते कसे, हे सांगण्यासाठीच हा लेख लिहावयास घेतला आहे. पण त्याआधी थोडे मागे जावे लागेल.

सौ.चे माहेर शिरोड्याचे. वेंगुर्ले तालुक्यातील समुद्रकाठचे हे गाव दोन गोष्टींसाठी सर्वांना ठाऊक आहे. १९३० च्या मे महिन्यात तेथील मिठागरांवर सत्याग्रह झाला, आणि १९२० पासून १९३८ पर्यंत वि. स. खांडेकर तेथे शिक्षक होते. मी मराठीचा एम. ए. आणि नुकताच नोकरीला लागलेला मास्तर. स्थळ शिरोड्याचे आहे असे कळताच मुलीच्या आधी मी गावाला पसंती देऊन टाकली. १९९४ साली लग्न झाले आणि समुद्रकाठची मुलगी निपाणीला आली.

निपाणी म्हणजे तंबाखू. त्या काळी हंगामात गावात शिरताना वाऱ्यावरच तपकीर ओढल्यासारखे होई. नवी नवरी पहिला महिनाभर शिंकत होती आणि आमची आई शेजारणींना कौतुकाने सांगत होती, ‘पोरीला अजून गावचं वारं लागायचंय.’ पुढे बदलीच्या निमित्ताने आम्ही बेळगावला आलो आणि येथेच स्थिरावलो. बेळगावाहून शिरोडे काही फार दूर नाही. आंबोलीचा घाट उतरायचा, सावंतवाडी ओलांडायची; सारे मिळून सव्वाशे किलोमीटरच्या आसपासचा रस्ता. पूर्वी याच वाटेने बैलगाड्या वेंगुर्ल्याच्या बंदराकडे जात. दर मे महिन्यात सौ. माहेरी जाई आणि परतताना सोबत कोकम, सुके बांगडे आणि काळवंडलेला चेहरा घेऊन येई.

२०२२ साली सासूबाई गेल्या. मेहुणे दोघेही मुंबईकडे स्थायिक. घर राखणार कोण? वर्षाच्या आतच ते विकले गेले. सौ. रडली नाही, भावांना बोलली नाही. फक्त संध्याकाळी टाकीसमोर खुर्ची ओढून बसण्याचा तिचा वेळ वाढला. एकदा मी वर्तमानपत्र वाचत असताना तिने आपल्याशीच म्हटल्यासारखे म्हटले, ‘ह्या पाण्याक कसलोच वास नाय.’ माहेरची बोली तिच्या तोंडी एरवी क्वचितच येते. ते वाक्य माझ्या मनात रुतून बसले.

मी सातवीत असताना, १९८१ साली, आमच्या शाळेची सहल मुंबईस गेली होती. मरीन ड्राइव्हवरील तारापोरवाला मत्स्यालय, जे १९५१ मध्ये सुरू झाले होते, ते आम्ही पाहिले. निपाणीच्या जवाहर तलावातले मासे ठाऊक असलेली आम्ही पोरे त्या निळ्यापिवळ्या समुद्री माशांपुढे तोंडाचा आ वासून उभी राहिलो होतो. ते दृश्य चाळीस वर्षांनी एकाएकी आठवले आणि मी मनाशी ठरवले, की आपल्या टाकीचा समुद्र करायचा. सौ.ला न सांगता. २०२३ च्या एप्रिलमध्ये शाळेला सुट्टी लागली आणि ती भाच्याच्या मुंजीसाठी आठ दिवस डोंबिवलीस गेली, तेव्हा संधी आयती चालून आली.

माझा हिशेब सरळ होता. समुद्राच्या एका लिटरात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, इतपत वाचन होते. टाकीत नव्वद लिटर पाणी. म्हणजे तीन किलो दीडशे ग्रॅम मीठ. एकदम नको, निम्मे आज आणि निम्मे उद्या, असा विवेकही मी केला. कोपऱ्यावरच्या दुकानातून मिठाच्या पिशव्या आणल्या, दीड किलो मीठ बादलीत विरघळवले आणि संध्याकाळी टाकीत ओतले. अर्ध्या तासात गोल्डफिश तळाशी जाऊन बसले. मला वाटले, नव्या पाण्याला बुजले असतील; आमच्या शाळेत पहिलीत आलेली मुले बुजतात तसे. रात्री दहाच्या सुमारास सकर काचेवरून सुटून उलटा पडला. मी घाबरून गोडे पाणी ओतले, पण ते फार उशिरा आणि फार थोडे. पहाटे पाचला दिवा लावला तेव्हा एंजल आडवे होऊन तरंगत होते. गोल्डफिश, एंजल, सकर आणि दोन मॉली असे आठ जीव मी वर्तमानपत्रावर काढून ठेवले. उरलेल्या चार मॉली मात्र पाण्याच्या वरच्या थरात, जणू काही घडलेच नाही अशा, फिरत होत्या. त्यांना मी धुण्याच्या टबात हलवले आणि उरलेल्या पिशव्या माळ्यावर टाकल्या.

फोनवर सांगण्याचे धैर्य झाले नाही. सौ. परतली, पिशवी खाली ठेवली, आणि पाय धुण्याआधी नेहमीसारखी टाकीपाशी गेली. मी मागे उभा राहून सारे सांगितले. तिने वळून पाहिले नाही. टाकीत तसेच राहिलेल्या पाण्यात तर्जनी बुडवली, जिभेला लावली आणि म्हणाली, ‘ह्यां नुसतां मीठ. मीठ घातला म्हणान काय दर्यो होता?’ आणि आत गेली. तीन दिवस घरात लागेल तेवढेच बोलणे झाले. सहा वर्षे रोज सकाळी ती ज्यांना दाणे घालीत होती ते तिच्यामागे मी मारले होते, आणि तेही तिच्यासाठी म्हणून. रागावण्याचीही सोय मी तिला ठेवली नव्हती.

चौथ्या दिवशी तांदूळ निवडता निवडता ती आपणहून बोलू लागली. तिचे वडील मिठागरात कारकून होते. लहानपणी त्यांचा डबा घेऊन ती वाफ्यांच्या बांधावरून जाई. खाडीचे पाणी वाफ्यांत घ्यायचे, उन्हाने ते आटत आटत दाट होते, आणि मग पांढरे मीठ धरते. मीठ ओढून घेतल्यावर तळाशी जे पाणी उरते ते तिने एकदा चाखले होते. ‘कडूजहर,’ ती म्हणाली. ते पाणी पुन्हा खाडीत सोडून देत, कारण ते मिठात राहिले तर मीठ कडवट होते आणि पाझरते. एवढे सांगून तिने पुढे जे म्हटले ते मी कोणत्याही पाठ्यपुस्तकात वाचले नव्हते. दर्यातले मीठ तेवढे आम्ही काढून घेतले आणि उरलेला दर्या टाकून दिला. तुम्ही टाकीत घातलेत ते पिशवीतले मीठ.

रसायनशास्त्र तिच्याच बाजूचे आहे हे मला पुढे वाचून कळले. समुद्राच्या क्षारांत सोडियम आणि क्लोरीन मिळून पंचाऐंशी टक्क्यांच्या आसपास भरतात. उरलेल्यात मॅग्नेशियम, गंधकाचे सल्फेट, कॅल्शियम, पोटॅशियम आणि इतर कितीतरी द्रव्ये थोड्याथोड्या प्रमाणात असतात. मिठागरातले ते कडू पाणी म्हणजे मुख्यतः मॅग्नेशियमचे क्षार. फिलिप हेन्री गॉस नावाच्या इंग्रज निसर्ग-अभ्यासकाने १८५४ मध्ये लंडनमध्ये कृत्रिम समुद्रजल तयार केले तेव्हा त्याला साध्या मिठाबरोबर आणखी तीन क्षार मिसळावे लागले होते: दोन मॅग्नेशियमचे आणि एक पोटॅशियमचा. आज बाजारात समुद्री टाक्यांसाठी तयार मिश्रणे मिळतात, त्यांतही तीच विद्या अधिक बारकाईने वापरलेली असते. मी मात्र पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या गॉसच्याही मागे होतो.

पण समजा, मी शुद्ध समुद्राचे पाणी ओतले असते, तर ते आठ मासे वाचले असते काय? नाही. या प्रश्नाने मला फार विचार करायला लावला. माशाच्या रक्तातील क्षार, मग तो नदीतला असो की समुद्रातला, ढोबळमानाने सारखेच असतात. समुद्राच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. नदीतल्या माशाच्या अंगात बाहेरच्यापेक्षा मीठ जास्त, म्हणून पाणी सतत त्याच्या शरीरात शिरत राहते. तो पाणी मुद्दाम पीत नाही आणि शिरलेले पाणी रात्रंदिवस बाहेर टाकीत राहतो. समुद्रातल्या माशाचे उलटे. बाहेरचे पाणी त्याच्या रक्ताहून खारे, म्हणून अंगातले पाणी बाहेर ओढले जाते. तो भर समुद्रात तहानलेला असतो. घटाघटा खारे पाणी पितो आणि नको असलेले मीठ कल्ल्यांतून बाहेर काढतो. एका प्रकारच्या माशाला दुसऱ्याच्या पाण्यात टाकणे म्हणजे त्याच्या शरीराचा सारा कारभार एका क्षणात उलटा चालवायला सांगणे होय. बहुतेकांना ते कधीच साधत नाही. मॉलीसारख्या काहींना साधते, कारण त्यांचे मूळ मध्य अमेरिकेच्या बाजूचे. तेथे नद्या समुद्राला मिळतात अशा पाण्यातही त्या राहतात. मात्र त्यांनाही वेळ द्यावा लागतो.

वेळ देण्याची ही गोष्ट मला आमच्या शेजाऱ्यांनी शिकवली. ते मूळचे बैलहोंगलकडचे, कन्नड माध्यमाच्या एका हायस्कुलात जीवशास्त्र शिकवतात. सौ.ला ‘अक्का’ म्हणतात. झालेला प्रकार त्यांच्या कानावर गेलाच होता. एके संध्याकाळी येऊन त्यांनी टाकीभोवती एक फेरी मारली आणि आपल्या मराठीत म्हणाले, ‘सर, पहिलं समुद्र पाळायचं. मासा नंतर.’ सौ. चहा घेऊन आली होती. ती कपबशी हातात धरून तिथेच उभी राहिली आणि म्हणाली, ‘मी येते पाणी आणायला.’ टाकीविषयी ती माझ्याशी बोललेले ते पहिले वाक्य.

मग टाकी मुळापासून रिकामी झाली. जुनी वाळू फेकावी लागली. दोन वर्षांपूर्वी माशांच्या अंगावर पांढरे ठिपके आले तेव्हा मी त्यात तांबे असलेले औषध घातले होते, आणि तांबे वाळूत मुरून राहते. समुद्रातल्या शिंपल्यांसारख्या बिनकण्याच्या जीवांना ते विषासारखे लागते. झाकणाचे लोखंडी खिळे सौ.ने स्वतः उपसून काढले. ‘खाऱ्या वाऱ्यात लोखंड टिकत नाही’ हे मला तिने सांगायचे आणि मी ऐकायचे, अशी आमच्या घरात उलटी शाळा भरू लागली. (मुख्याध्यापकाला घरी विद्यार्थी होण्याचा योग फारसा येत नाही, मला तो पचायला दोन दिवस लागले.)

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही तिघे शेजाऱ्यांच्या मोटारीने घाट उतरलो. मे महिना मुद्दाम निवडला. पावसाळ्यात नद्यांचे पाणी मिसळून किनाऱ्याचा समुद्र फिका आणि गढूळ होतो. वेळागरच्या किनाऱ्यावर, खाडीच्या मुखापासून दूर, भरतीच्या वेळी कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून वीस वीस लिटरचे सहा कॅन भरले. सौ.ने साडीचा काचा मारला होता. पहिला कॅन भरण्यापूर्वी तिने ओंजळभर पाणी घेऊन चूळ भरली, आणि कितीतरी वेळ आमच्याकडे पाठ करून उभी राहिली. विकलेले घर त्या किनाऱ्यापासून दहा मिनिटांच्या अंतरावर होते. मी विचारले, ‘जाऊन यायचे का?’ ती म्हणाली, ‘कुणाकडे?’ आम्ही भिजल्या कपड्यांनीच परत निघालो. आंबोलीच्या वळणांवर मागे कॅनमधले पाणी डुचमळत होते, आणि ती दर वळणाला मागे वळून झाकणे पाहत होती.

पुढचा दीड महिना हा या सगळ्या उपद्व्यापातील सर्वांत कंटाळवाणा, आणि आज मला वाटते, सर्वांत महत्त्वाचा भाग. पाणी अंधाऱ्या खोलीत दोन आठवडे निवत ठेवले, गाळले, टाकीत भरले. तळाशी धुतलेल्या शिंपल्यांचा चुरा, वर नदीतले चार काळे दगड. प्रवाळ वापरायचा नाही. तो आपल्याकडे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आहे. आणि मग या रिकाम्या समुद्रात सौ.ने एक कच्ची कोळंबी सोडली. ती कुजू लागली की अमोनिया तयार होतो. अमोनिया माशाला घातक. कालांतराने तो खाणारे सूक्ष्मजंतू वाढतात आणि त्याचे नायट्राइट करतात. तेही घातक. मग दुसऱ्या जातीचे जंतू येतात आणि नायट्राइटचे नायट्रेट करतात, जे मासा बराच सोसू शकतो. हे जंतू डोळ्यांना दिसत नाहीत, विकत आणलेल्या माशांबरोबर पुरेसे येत नाहीत, आणि गोड्या पाण्यात वर्षानुवर्षे पोसलेले जंतू खाऱ्या पाण्यात घातले तर तसेच्या तसे कामाला लागत नाहीत. त्यांची वसाहत नव्याने वसावी लागते. शेजारी दर रविवारी परीक्षानळीत थेंब टाकून रंग पाहत. पाणी आधी पिवळ्याचे हिरवे झाले, मग दुसऱ्या नळीत जांभळे, मग दोन्ही रंग ओसरले. मी ते वहीत लिहून ठेवत होतो. घरी येणारे मात्र काचेत नुसते पाणी पाहून विचारीत, ‘मासे कुठं गेले ओ सर?’ शाळेतला एक शिपाई तर माझ्याकडे काळजीने पाहू लागला होता.

याच काळात माझी आणखी एक चूक होता होता टळली. पाणी रोज थोडे आटे, आणि मी कॅनमधले समुद्राचे पाणी घेऊन ते भरून काढायला निघालो. सौ.ने हात धरला. वाफ होऊन जाते ते पाणी. मीठ जात नाही, ते मागेच राहते. रोज खारे पाणी घालीत गेलो असतो तर महिनाभरात टाकीचे मिठागर झाले असते. मिठागरवाल्याच्या मुलीला हे शिकावे लागत नाही. तिने आपल्या कपाळाची लाल टिकली काढून काचेवर पाण्याच्या पातळीला चिकटवली, आणि तेव्हापासून रोज सकाळी टिकलीपर्यंत राकसकोपचे गोडे पाणी, आदल्या रात्री उघडे ठेवून क्लोरीन उडवलेले, ती घालते. विशिष्ट गुरुत्व मोजण्याची काचेची कांडी मी आणली आहे, १.०२५ च्या आसपास ते राहावे. पण कांडी पाहण्याआधी ती बोट बुडवून जिभेला लावते, आणि तिचा अंदाज फारसा चुकत नाही.

जुलैच्या अखेरीस टबातल्या चार मॉली निघाल्या. औषधांच्या दुकानातून सलाइनची नळी आणली, खाऱ्या पाण्याची बादली स्टुलावर ठेवली, आणि थेंब थेंब पाणी टबात सोडीत गेलो. रोज थोडे, असे आठ दिवस. नवव्या दिवशी त्या समुद्रात होत्या. नाराळी पौर्णिमेला, ऑगस्टच्या अखेरीस, चिरंजीव बंगळूरहून रात्रीच्या बसने आला तो मांडीवर थर्मोकोलची पेटी घेऊन. त्यात विदूषक माशांची एक जोडी होती: नारिंगी अंगावर पांढरे पट्टे. हे मासे समुद्रातून पकडलेले नव्हते, पैदास केंद्रात जन्मलेले होते. कोचीच्या केंद्रीय समुद्री मत्स्य संशोधन संस्थेने आपल्या देशात या माशांची पैदास यशस्वी केली आहे. समुद्रात हा मासा समुद्रपुष्पाच्या विषारी शुंडांमध्ये घर करतो. आमच्या जोडीने समुद्रपुष्प कधी पाहिलेलेच नव्हते, म्हणून त्यांनी हवेच्या बुडबुड्यांच्या कोपऱ्यात बिऱ्हाड केले. विदूषक माशांत जन्मतः सारे नर असतात आणि जोडीत जो वरचढ तो पुढे मादी होतो, हे शेजाऱ्यांनी सांगितले तेव्हा सौ. पुष्कळ दिवसांनी मोकळेपणी हसली. त्या दिवशी तिने नारळीभात केला आणि टाकीपुढे एक वाटी ठेवली.

आता त्या रात्रीची गोष्ट. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात परतीचा पाऊस कोसळला आणि संध्याकाळी साडेसातला वीज गेली. नेहमीची गोष्ट म्हणून मी लक्ष दिले नाही. नऊच्या सुमारास सौ.ने बॅटरी टाकीवर धरली तर विदूषक माशांची जोडी पृष्ठभागापाशी येऊन तोंड उघडझाप करीत होती. हवेचा पंप बंद. आणि खाऱ्या पाण्यात गोड्या पाण्यापेक्षा प्राणवायू सुमारे पाचव्या हिश्श्याने कमीच विरघळतो. गोड्या पाण्याच्या टाकीने जे सहन केले असते ते ही टाकी करणार नव्हती. इन्व्हर्टर आमच्याकडे नाही. मला एकदम आठवले, ते गॉसच्याही आधी लंडनमध्ये समुद्राचे पाणी व प्रवाळ बाळगणाऱ्या ॲना थाइन नावाच्या बाईंविषयी वाचलेले. १८४६ साली त्यांनी समुद्रकाठाहून प्रवाळ घरी आणले होते, आणि पाण्याला हवा मिळावी म्हणून त्यांची मोलकरीण रोज अर्धा-पाऊण तास उघड्या खिडकीपाशी ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतीत असे. मी सौ.ला हे सांगितले. तिने ऐकून घेतले आणि देवघरातून तांब्या आणला.

तांब्या भरायचा, हातभर उंच उचलायचा, पुन्हा टाकीत धार सोडायची. दर दहा मिनिटांनी पाळी बदलायची. अकरापर्यंत खांदे भरून आले. बाहेर पाऊस, आत देवाच्या समईएवढा उजेड आणि पाण्याचा आवाज. अशा वेळी माणूस जे बोलतो ते दिवसा बोलत नाही. मी विचारले, ‘निपाणीला आलीस तेव्हा तुला कसे वाटले होते ग?’ एकोणतीस वर्षांत हा प्रश्न मी विचारलेला नव्हता, हे तो विचारल्यावर लक्षात आले.

धार न थांबवता ती सांगत गेली. पहिले कित्येक दिवस प्यायच्या पाण्याला चवच लागत नसे. माहेरच्या विहिरीचे पाणी किंचित मचूळ होते आणि तीच तिची पाण्याची चव होती. रात्री झोप येत नसे, कारण निपाणीच्या रात्रीत कसलाच आवाज नव्हता. तिचा सारा जन्म लाटांच्या गाजेत झोपण्यात गेला होता. एकदा आईने बाजारातून बर्फातले बांगडे आणवले होते, खास सुनेसाठी. त्यांचे डोळे पाहून तिला रडू कोसळले, आणि आईला वाटले, सुनेला मासळी आवडली नाही. ‘मग?’ मी विचारले. ‘मग काय? हळूहळू इथलं पाणी गोड लागायला लागलं. माहेरी गेले की तिथलं मचूळ लागायचं.’ थोड्या वेळाने म्हणाली, ‘तेव्हा मात्र रडले होते.’ आणि तांब्या माझ्या हातात दिला.

पहाटे पावणेतीनला वीज आली. पंप खोकल्यासारखा करून सुरू झाला, बुडबुडे उठले. जोडी आपल्या कोपऱ्यात गेली. मॉलींना तर रात्रभर काही झालेच नव्हते. ‘आता निजा,’ सौ. म्हणाली, ‘फाल्यां शाळा आसा.’

सकाळी उठून पाहतो तो फरशी ओली, आणि पाणी टिकलीच्या दोन बोटे खाली. मी सवयीने गोड्या पाण्याची कळशी उचलली. तिने मान हलवली. रात्री आटले नव्हते, सांडले होते. गेले ते मिठासकट गेले होते. तिने पलंगाखालून शिरोड्याचा शेवटचा कॅन ओढून काढला, झाकण उघडून वास घेतला आणि मापाने पाणी टाकीत सोडले. टिकलीला पाणी टेकले तेव्हा कॅनच्या तळाशी जेमतेम तांब्याभर उरले होते.

‘संपलं,’ मी म्हणालो.

‘दिवाळीपर्यंत समुद्र निवळतो,’ ती कॅन हलवून पाहत म्हणाली. ‘सुट्टीत शिरोड्याला जाऊ या. पाण्याला.’